हात लावू नये

साहेब, तो रकाना तुम्ही काढलात. अण्णांनी नाही.

त्या सकाळी तुम्ही अण्णांच्या टेबलाशी आलात तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत होते. "क्लाउडवरच्या सगळ्या नेटवर्कची यादी द्या. रिकामी असतील ती उडवायची."

"रिकामं म्हणजे कोणतं साहेब? ज्यात आत्ता मशीन नाही ते, की ज्याला कुणी वालीच नाही ते?"

"कीस पाडू नका अण्णा. यादी द्या."

तुमची पाठ वळल्यावर अण्णा मला म्हणाले, "ताई, साहेबांना घर बंद दिसलं की पाडायचंच सुचतं. माणूस बाजारात गेलं असेल, हे डोक्यातच येत नाही."

एकोणीस वर्षं काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करणारा माणूस. माउस त्यांना फक्त कागद उडू नयेत म्हणून लागायचा. त्यांनी स्क्रिप्ट लिहिली: एकेक खातं उघडायचं, त्यातलं प्रत्येक नेटवर्क गाठायचं, नाव आणि पत्ते घ्यायचे, जोडलेली मशीन मोजायची. यादीत दोनशे बारा ओळी आल्या. नऊ ठिकाणी मशीन शून्य. त्या नवांचा माग अण्णांनी फोन करकरून काढला. आठ खरंच बेवारस. नववं एका हॉस्पिटलचं राखीव. मुख्य नेटवर्क पडलं, तरच तिथे मशीन उभी राहणार. त्याच्यापुढे, शेवटच्या रकान्यात, त्यांनी लिहिलं: "हात लावू नये."

तुम्हाला मीटिंगसाठी यादी पानाच्या रुंदीत बसवायची होती. बसेना, म्हणून तो रकाना काढलात. मग नऊच्या नऊ उडवलीत.

पंधरा दिवसांनी हॉस्पिटलचं मुख्य नेटवर्क पडलं. चार तास एकाही पेशंटचा रिपोर्ट उघडेना.

चौकशीत तुम्ही एवढंच विचारलंत, "यादी कुणाची?"

"माझी," अण्णा म्हणाले. "पण मूळ फाइल उघडून बघा ना."

"आता खोलात कशाला शिरायचं?"

अण्णांना घरी बसवलंत. मीही तोंड शिवून बसले. ते पाप माझं.

काल अण्णांच्या घरून वहिनींचा फोन आला. "दिवसभर वहीत तीच स्क्रिप्ट लिहितात हो. म्हणतात, एखादी ओळ माझीच चुकली असणार. ताई, खरंच चुकलं का यांचं?"

"नाही वहिनी. शपथेवर सांगते."

त्यांनी फोन अण्णांकडे दिला. अण्णा म्हणाले, "तुम्ही माझ्या बाजूच्या, ताई. तुम्ही म्हणणारच. साहेब म्हणाले का?"

साहेब, कधी म्हणताय?