रेघा न पुसलेलं नाव

जन्मभर दुसऱ्यांच्या जिभेला वळण लावणाऱ्या माणसाची जीभ एका सकाळी लुळी पडली, आणि साऱ्या रेवदंड्याला कळवळा आला. एकसष्ट सालची गोष्ट. विश्वंभर गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला होता. महिन्याभरात हात हलू लागला, पण तोंडातून शब्द येईना. लोक विचारपूस करायला येत आणि बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडत. गुरुजींनी दार लावून घ्यायची खूण केली. त्यानंतर घरात फक्त बायको गोदावरी, आणि येऊनजाऊन रंगू कोळीण. तिला गुरुजींनी प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकवलं होतं. तिच्यापुढे त्यांना लाज वाटत नसे.

शब्द परत आणायची युक्ती रंगूचीच. वर्गात गुरुजी पाटीवर शब्द लिहीत आणि मध्ये उभ्या रेघा मारीत. पा । णी. हो । डी. बायका तुकडा तुकडा म्हणत. तेवढं जमलं की गुरुजी बोटाने रेघ पुसत आणि सबंध शब्द म्हणून घेत.

"रेघ पुसल्याबिगर शब्द आपला व्हत न्हाय, असं सांगायचे," रंगू म्हणाली.

गोदावरीने माळ्यावरची पाटी काढली. पंधरा दिवसांनी गुरुजी 'पाणी' म्हणाले. मग भात, चूल, शाळा, रेवदंडा. तुकडे पाडायचे, रेघा पुसायच्या, आधी गोदावरीने सबंध म्हणायचं, मग गुरुजींनी.

अशात अलिबागहून पत्र आलं. शिक्षण खात्याचे साहेब सोमवारी घरी येऊन बघणार होते. नाव, गाव आणि शाळा गुरुजींनी स्वतःच्या तोंडाने सांगितली तर रजा वाढणार, नाहीतर नोकरीतून कमी. शाळेवाचून गुरुजींना दुसरं काही नव्हतं. मूलबाळ नाही, नारळी-पोफळीची वाडी धाकटा भाऊ बघायचा. शाळा गेली तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडेल आणि तसाच जाईल, हे गोदावरीला स्वच्छ दिसत होतं.

गाव येत होतं, शाळा येत होती. राहिलं नाव.

गोदावरीने ते लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर एकतीस वर्षांत ते तिच्या तोंडी आलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे आईने मनावर ठसवलेलं. धडधाकट माणसाचं सोडा, अंथरुणाला खिळलेल्याच्या बाबतीत कोण जोखीम घेणार? तिने रंगूला गळ घातली.

"न्हाय बाई," रंगू म्हणाली. "ज्यांनी अक्षरं दावली त्यांचं नाव घेऊ? जीभ झडंल माझी."

शेवटी गोदावरीनेच वाट काढली. पाटीवर लिहिलं, वि । श्वं । भर. ती 'वि' म्हणून थांबे, गुरुजी 'वि' म्हणत. मग ती 'श्वं', ते 'श्वं'. मग 'भर'. मध्ये त्यांचा आवाज आला की नाव आपल्या तोंडी सबंध झालंच नाही, असा तिचा हिशेब. देवाला चकवायला वकिलाची अक्कल लागते, आणि ती बायकांना शिकवावी लागत नाही. रेघा मात्र तिने पुसल्या नाहीत. पुसल्या असत्या तर सबंध नाव आधी तिलाच म्हणावं लागलं असतं. रविवारी गुरुजींनी तिन्ही तुकडे खणखणीत म्हटले आणि तिला वाटलं, जमलं.

सोमवारी साहेब ओटीवर बसले. माणूस वाईट नव्हता, गुरुजींना वाकून नमस्कार केला त्याने.

"नाव सांगा, गुरुजी."

"वि," गुरुजी म्हणाले आणि गोदावरीकडे बघत थांबले.

साहेब थांबले, गुरुजीही थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर घाबरगुंडी नव्हती, भरवसा होता. रोजच्यासारखा पुढचा तुकडा ती देणारच होती.

गोदावरीच्या ध्यानात आलं. या माणसाचं नाव तिने त्याला असंच शिकवलं होतं, निम्मं स्वतःपाशी ठेवून.

"बाई, तुम्ही सांगायचं नाही," साहेब हळूच म्हणाले.

"वि," गुरुजी पुन्हा म्हणाले.

"विश्वंभर," गोदावरी म्हणाली. दारातल्या रंगूने मान खाली घातली.

साहेबांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. "आता आराम करा, गुरुजी," म्हणाले आणि चपला घालून निघाले.

काय झालं ते गुरुजींना तेव्हा उमगलं. ते खाटेवर गेले आणि भिंतीकडे वळले. गोदावरी खाट ओढून त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन बसली.

"मी भ्याले, म्हणून तुमचं नाव तुम्हाला धड दिलं नाही," ती म्हणाली. "आता ऐका. विश्वंभर."

गुरुजींनी डोळे मिटले. ती म्हणत राहिली. कुंपणापाशी शेजारणी थबकल्या, एकमेकींकडे बघू लागल्या. तिने आवाज खाली आणला नाही. आयुष्य घटायचं तेवढं आज माझ्याच हाताने घटलंय, असं तिला वाटत होतं आणि रडू आवरत नव्हतं.

"विश्वंभर," अखेर गुरुजी म्हणाले. मध्ये कुठे न थांबता.

साहेबांची एस.टी. एव्हाना चौलच्या पुढे गेली होती.