चोवीस पगारांची बाई

डेंटल लॅबमध्ये ताईला लागून बावीस वर्षं झाली होती. मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा, वरचा खालच्यावर नीट टेकतो का ते बघायचं, साचा उकळत्या पाण्यात ठेवायचा, निघालेली कवळी घासून चकाकी आणायची. शहरातली कित्येक म्हातारी माणसं तिच्या हातचे दात लावून हसत होती आणि त्यातल्या एकालाही ती ओळखत नव्हती. लग्न राहून गेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आई, धाकटा भाऊ, भावजय आणि ती अशी चौघं राहत. रात्री ती बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपे. एकटं बसायचं म्हटलं तर घरात एकच जागा होती, जिन्याचं वळण. तिथेही शेजारच्यांच्या चपला असायच्या.

क्रेडिट कार्ड तिने घेतलं ते बँकेतल्या एका मुलीची दया येऊन. त्या मुलीला म्हणे महिन्याला वीस कार्डं खपवायची होती आणि ताई विसावी होती. साधं कार्ड, दोन पगारांएवढी लिमिट. ताई त्यावर महिन्याचा किराणा आणायची आणि बिल आलं की दुसऱ्याच दिवशी सगळं भरून टाकायची. उधारी अंगाला लागलेली तिला सहन व्हायची नाही. बँकेला मात्र अशीच माणसं आवडतात. दर सहा महिन्यांनी मेसेज यायचा, 'अभिनंदन, आपली लिमिट वाढवण्यात आली आहे.' ताई तो न वाचताच पुसून टाकायची. जाहिरातच ती, असं तिला वाटे.

मेसेज वाचला तो भावाने. त्याला घरीदारी सगळे शेठ म्हणत, कारण लहानपणापासून त्याचा कुठला ना कुठला धंदा निघालेला असायचा. त्या वेळी गाड्या धुण्याचं दुकान निघालं होतं. जेवताना ताईचा फोन त्याच्या ताटाशेजारी वाजला, त्याने सहज पाहिलं आणि घास तोंडापाशीच थांबला.

"ताई, अगं, सोळा पगार! सोळा पगारांची लिमिट आहे तुझी, आणि तू बससाठी सुट्टे मोजत बसतेस?"

"ते माझे पैसे नाहीत रे. बँकेचे आहेत."

"बँक कोणाला देते? ज्याची पत आहे त्याला. आई, तुझी लेक श्रीमंत आहे, तुला ठाऊक तरी आहे का?"

आईने हात थांबवून लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं, आणि आजवर आपल्यापासून काहीतरी लपवलं गेलं असाही एक बारीकसा संशय होता.

शेठ लबाड नव्हता, खरी अडचण तीच होती. पाण्याच्या पंपासाठी त्याने पहिल्यांदा कार्ड मागितलं आणि चार महिन्यांत पै न् पै चुकती केली, वर ताईला एक छत्री आणून दिली. अशा माणसाला दुसऱ्यांदा नाही कसं म्हणणार? दुसऱ्यांदा दुकानाची फरशी झाली. तिसऱ्यांदा हवेचा कंप्रेसर आला. तोवर पावसाने गाड्या फुकटातच धुऊन दिल्या आणि हप्ते रखडले. ताई आपल्या पगारातून बिलाची किमान रक्कम भरू लागली. ती भरली की बाकी हलायची नाही, नुसती जागच्या जागी डोलायची. आणि बँकेला त्याचंही कौतुक! व्याज वेळेवर येतंय म्हटल्यावर तिने लिमिट चोवीस पगारांवर नेली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आईने शिकवलं होतं, पण दर सहा महिन्यांनी अंथरूण कोणीतरी ओढून लांब करू लागलं तर काय करायचं, हे आईलाही ठाऊक नव्हतं.

शेठ आता ओळखीपाळखीत सांगायचा, "आमची ताई म्हणजे चोवीस पगारांची बाई." लांबच्या एका मामांनी मुलाच्या फीसाठी फोन केला. लॅबच्या मालकांनीसुद्धा हसत हसत विचारलं, "ताई, मला नवी भट्टी घ्यायचीय, कार्ड काढता का?" सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्याजवळची एक मोठी सोय हरवली आहे. आजवर कोणी पैसे मागितले की ती म्हणायची, "नाहीत." आणि ते खरंच असायचं. 'नाहीत' म्हणता येत होतं तोवर 'नाही' म्हणायची वेळच आली नव्हती. आता सगळ्यांना ठाऊक होतं की आहेत. आकड्यासकट ठाऊक होतं.

मग एका रविवारी शेठने रंगीत पत्रक टेबलावर पसरलं. गाडी आपोआप धुणारं यंत्र, मोठमोठे फिरते ब्रश. किंमत सतरा पगार. सहा आधीचे बाकी होते. सतरा आणि सहा तेवीस.

"एक पगार उरतोच तुझ्या किराण्याला," तो आनंदाने म्हणाला. "मी बयाणा दिलाय. शनिवारी जाऊन कार्ड लावायचं, बस्स."

"मला विचारायचंस तरी."

"विचारतोयच की!"

"अगं, भाऊ वर येतोय तर हात नको का द्यायला?" आई म्हणाली. "कार्ड तुझं असलं तरी घर सगळ्यांचं आहे."

भावजय ताटं उचलत होती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ताई बँकेत गेली. काचेपलीकडे एक चष्मेवाली कारकून बाई बसली होती.

"मला लिमिट कमी करायचीय."

"वाढवायचीय?"

"कमी."

बाईने चष्मा वर केला. "असं कोणी येत नाही हो. साधंच कार्ड आहे हे, पण याच्यावर पन्नास पगारांची लिमिट असलेली माणसं आहेत आमच्याकडे. ती आणखी वाढवून मागतात. तुमची तर आपोआप वाढतेय."

"तेच म्हणते मी. भीक नको, पण कुत्रा आवरा."

बाई हसली आणि पडद्यावर बघू लागली. "सहा पगार बाकी आहेत. त्याच्याखाली नाही आणता येत."

"मग सहावरच आणा."

"म्हणजे तुम्हाला यातून काहीच वापरता येणार नाही."

"काहीच नको."

"आणि फेडाल तसतशी जागा पुन्हा मोकळी होत जाईल. ती बंद करायची तर दर महिन्याला यावं लागेल. आपोआप वाढण्याला नकार म्हणून ही वेगळी सही."

वाढायला सही लागत नव्हती, नको म्हणायला दोन लागत होत्या. ताईने दोन्ही केल्या. बाहेर आल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. आता घरी सांगायचं होतं.

ते तिला जमलं नाही. बुधवारी शेठ दुकानाच्या नव्या पाटीचा रंग निवडत होता. गुरुवारी आईने तिला न मागता दूध आणून दिलं. शुक्रवारी ती अर्धा तास जिन्यात बसून वाक्यं जुळवत राहिली आणि वर आली तर सगळे तिचीच वाट बघत जेवायचे थांबले होते. इतक्या प्रेमाने वाट बघणाऱ्या माणसांपुढे ती वाक्यं म्हणण्याऐवजी ती सगळ्यांना वाढू लागली.

शनिवारी शोरूममध्ये विक्रेत्याने खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. शेठने ताईच्या हातून कार्ड घेऊन पुढे केलं. कार्डाच्या यंत्राने टुक केलं.

"नाही म्हणतंय," विक्रेता म्हणाला.

"नेटवर्क असेल. पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा शेठने कार्ड शर्टाला पुसलं, तेव्हा ताईला ते बघवेना.

"नेटवर्क नाही रे. मीच लिमिट कमी करून घेतलीय."

"कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला, शाळेत होता तसा. "मग मला इथवर आणलंस कशाला?"

विक्रेता पत्रकं सरळ करू लागला. शेठ बाहेर पडला आणि ती मागोमाग गेली. दोघांना एकाच बसने, एकाच घरी जायचं होतं. तो पुढे उभा राहिला, ती मागे.

बयाणा बुडाला. शेठ तिच्याशी बोलेनासा झाला. दोन खोल्यांत न बोलणं फार अवघड असतं. दारात समोरासमोर आलं की कोणीतरी भिंतीला चिकटून उभं राहायचं. आई दोघांत निरोप पोचवायची. "त्याला आरशासमोर जायचंय, जरा सरक." एकदा ती ताईला म्हणाली, "तोंडावर नाही म्हणाली असतीस तर मी समजून घेतलं असतं." घेतलं नसतं. पण तोंडावर म्हटलं नव्हतं हे खरंच होतं, आणि तेच ताईला जास्त टोचत होतं. महिनाअखेरीला शेठने कंप्रेसरच्या हप्त्याचे पैसे ठेवले, तेही आईच्या हातात. पैसे पूर्ण होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खिडकीत कपडे वाळत घालत होती. भावजय चिमटे घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. आत शेठ दाढी करत होता, नळ चालू होता.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

"विचार ना."

"मला पण एक कार्ड आलंय, या पत्त्यावर आधीच एक चालतंय म्हणून. मी मागितलं नव्हतं हो. ह्यांना अजून दाखवलेलं नाही. कपड्यांच्या खाली ठेवलंय. रोज वाटतं आज सापडेल."

"लिमिट किती?"

भावजयने एक चिमटा दोरीला लावला, काढला, पुन्हा लावला. मग ताईच्या कानाशी वाकून आकडा सांगितला.

नळ बंद झाला. ताईने ओली चादर झटकली आणि तिच्या आवाजाआड हळूच म्हणाली, "सोमवारी एक वाजता लॅबच्या दारात ये. कार्ड घेऊन ये. आणि त्याला मात्र रविवारीच सांगून टाक, माझ्यासारखं करू नकोस."

"सांगताना तुम्ही असाल का जवळ?"

ताईने आतल्या दाराकडे पाहिलं. "असेन," ती म्हणाली. "जाणार कुठे?"