चौथ्या इंजेक्टरचा नट

ट्रकला लावलेल्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर डिझेलच्या दाबाच्या दोन ओळी.
मागितलेला दाब: तीनशे.
मिळालेला: दोनशे वीस.

बाकावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात दोन बोटं. दाजीच्या मेहुण्याची.

"दाजी, सांगा ना याला!"

दाजी मिस्त्री, मेहुणा ड्रायव्हर, ट्रक पैलवानाचा. ट्रक चढावर बंद पडतो, म्हणजे याने डिझेल विकून रॉकेल ओतलं, असा पैलवानाचा निकाल. वाइस आवळायचा दांडा पैलवानाच्याच मुठीत होता.

"मिस्त्री, तुझं खेळणं काय म्हणतंय?"

"बघतोय. जरा थांबा."

"बघ निवांत. मी तोवर पाव फेरा देतो."

मेहुणा किंचाळला.

मागितलं: थोडा वेळ.
मिळालं: पाव फेरा.

दाजीने इंजिनात डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन चालू केलं. तीन बाटल्यांचा जेमतेम तळ भिजला. चौथी भरत चालली.

"रॉकेल असतं तर चारही झिजले असते. हा एकटाच गळतोय, म्हणून दाब पडतो. याचा नंबरही कॉम्प्युटरमधल्या नंबरशी जुळत नाही. मागाहून बसवलाय."

"कोणी?"

"तुम्ही. भंगारातला."

पैलवानाने पाना उचलला तो दाजीच्या तोंडावरच. दात ओठातून बाहेर आला.

"माझ्या उस्तादाने कधी कॉम्प्युटर लावला नाही! चालू इंजिनवर इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करायचा. आवाज बदलला नाही, तर तो सिलिंडर मेलेला. बघ आता."

"पैलवान, हे जुनं इंजिन नव्हे. यातली डिझेलची धार कातडं फोडते."

"मला शिकवतोस?"

चावी दाजीच्या हाताशी होती. फिरवली की इंजिन बंद. मेहुण्याच्या नखांखालून रक्त ठिबकत होतं.

दाजीने चावी फिरवली नाही.

पैलवानाने चौथ्याचा नट सैल केला. फस्स.

इंजिन खोकलं आणि आपणच बंद पडलं. पैलवानाने तळवा पाहिला. टाचणी टोचल्यासारखा ठिपका. "मुंगी चावली रे!" तो हसला.

"डिझेल आत गेलंय," दाजी म्हणाला. "आत्ता चिरून धुतलं नाही तर हात कापतील. आधी वाइस उघड."

"उघड? मला अरेतुरे?"

पैलवान दांड्यावर खांद्याचा भार टाकून पडला. काड. मेहुण्याच्या बोटाचं हाड मोडलं. पैलवानाने पुन्हा दांडा धरला, पण त्याची स्वतःचीच बोटं मिटेनात. त्याने दुसऱ्यांदा हात पाहिला आणि या वेळी हसला नाही. दाजीने त्याच्याच पान्याने त्याचा गुडघा फोडला, वाइस उघडला, आणि दोघांना गाडीत कोंबलं.

दवाखान्यात एकच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मेहुण्याची चेंदलेली बोटं पाहिली, मग पैलवानाचा तळवा.

"याला काय झालंय? एवढासा तर ठिपका. बसू द्या बाहेर. आधी बोटं घेते."

 पैलवानाला मात्र घाम धारेने सुटला होता.

मेहुण्याने दाजीकडे पाहिलं. नुसती मान हलवली: नको.

मागितलं: गप्प राहा.

दाजीने तोंडातलं रक्त बेसिनमध्ये थुंकलं.

"बाई, डिझेलची धार आत घुसलीय. याला आधी चिरा. तो थांबला तर हात जाईल. माझा मेहुणा थांबेल."

पैलवानाला आत नेलं. बाकावर मेहुणा हात छातीशी धरून बसला. दाजी शेजारी बसायला गेला तसा तो सरकला.

"घरी जाऊन माझ्या बहिणीला काय तोंड दाखवाल, दाजी?"