बारा मिनिटं

घरात, कॉलेजात, बेकरीत सगळे तिला भिंगरीच म्हणत, आणि त्यात खोटं ते काय? सकाळी कॉलेज, दुपारपासून बेकरीची भट्टी. बिस्किटांचा ट्रे आत सरकवला की भाजून निघायला बारा मिनिटं लागत. तेवढ्यात मैद्याच्या पोत्यावर बसून ती एक पान घोकायची. चुकून दुसऱ्या पानात रमली, तर बेकरीवाल्या काकू करवादत, "अगं भिंगरे, करपलं की!" आई घरी म्हणे, "जेवताना तरी बूड टेक गं." टेकायला वेळ होता कुणाकडे! वर्षभराचा अभ्यास असा ट्रे-ट्रेनेच झाला.

परीक्षेत पहिलाच मोठा प्रश्न लिहिता लिहिता ती ताडकन उठली आणि दाराकडे निघाली. घड्याळाकडे पाहिलंही नव्हतं, पण बरोबर बारा मिनिटं झाली होती.

"कुठे निघालीस?" बाईंनी विचारलं.

"ट्रे काढायला," ती बोलून गेली. वर्ग खो खो हसला.

"बस खाली. अजून पावणेतीन तास आहेत तुझ्याकडे."

ती बसली खरी, पण नजर घड्याळावरून हलेना. एवढा वेळ एकदम हातात आला तर त्याचं करायचं काय, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.