लाल जर्सीला हात लावू नका

कालपर्यंत पाठीवर पांढरा दहा आकडा असलेली, बाह्या विटलेली आणि काखेत दोनदा शिवलेली लाल जर्सी आहे मी. अमेरिकेतल्या टोलीडोच्या फुटबॉल संघाच्या कपड्यांच्या खोलीत खालच्या फळीवर माझी घडी ठेवलेली असते. मित्रांनो, माझ्या बरोबरीच्या बाकीच्या जर्सी कधीच फाटून गेल्या. काही चिखलात लोळल्या, काहींवर रक्ताचे डाग बसले ते निघालेच नाहीत. माझ्यावर मात्र मैदानात आजवर एकही माणूस आदळलेला नाही. पूर्वी ही गोष्ट मी छाती फुगवून सांगत असे. आता सांगताना मान खाली जाते.

आमच्याकडच्या फुटबॉलचा चेंडू लांबुळका असतो आणि तो हाताने फेकतात. फेकणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याला आडवा करण्यासाठी समोरून सव्वाशे किलोचे गडी धावत येतात. सामन्यात ते चालते, किंबहुना त्यासाठीच त्यांना पगार मिळतो. सरावात मात्र चालत नाही, कारण सरावातच क्वार्टरबॅक मोडला तर संघाचे वर्ष वाया गेले म्हणून समजा. म्हणून सरावात त्याला लाल जर्सी देतात. लाल दिसले की धावत आलेल्याने हातभर अंतरावर पाय रोवून थांबायचे. उन्हाळी शिबिरात नव्वद खेळाडू असतात, त्यांत लाल फक्त चार. कारखान्यातून खोक्यात भरून आम्ही इथे आलो, तेव्हा आयलोना सोल्टेसने आम्हा चौघींना वेगळे काढले. कपड्यांची ही खोली तीस वर्षे तिच्याच ताब्यात आहे. माझा रंग दुसऱ्यांना लागू नये म्हणून ती मला वेगळ्या पाण्यात धुवायची. मला वाटायचे, हा माझा मानच आहे.

पहिली सहा वर्षे मला रस डूलीने घातले. डूली काही फार मोठा खेळाडू नव्हता. त्याचा हात साधारण आणि पाय मंद होते, पण चेंडू हातात आला की तो मनातल्या मनात मोजायचा आणि तिनाच्या आत तो कुणाकडे तरी गेलेला असायचा. त्याच्या अंगावर असताना हातभर अंतरावर येऊन थांबलेला गडी मला क्वचितच दिसे. तो येईपर्यंत डूलीचे काम उरकलेले असे. त्या वर्षांत संघ फार सामने जिंकला नाही, पण डूली दर सोमवारी धडधाकट चालत या खोलीत यायचा.

मग संघ बांधायचे काम ज्यांच्याकडे होते, त्या ग्रिसमसाहेबांनी मोठा डाव टाकला. कॉलेजातली पोरे निवडण्याच्या पुढच्या दोन वर्षांच्या पाळ्या त्यांनी दुसऱ्या संघाला देऊन टाकल्या. क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूला भिंतीसारखा उभा राहणारा जुना गडीसुद्धा दिला. बदल्यात लेलंड पिकेट आणला. मिसिसिपीचा हा बावीस वर्षांचा पोरगा सत्तर यार्डांवरचा माणूस बरोबर टिपायचा. शाळेपासून त्याच्या पाठीवर दहाच आकडा होता, म्हणून मी डूलीकडून त्याच्याकडे आले. डूलीला नवी लाल जर्सी मिळाली आणि एक कामही मिळाले. ज्याला आपली जागा द्यायची, त्याला आपणच शिकवायचे. या धंद्यात ही पद्धतच आहे, कुणी त्याचे वाईटही मानत नाही.

"घे बाबा," डूली मला त्याच्या हातात देत म्हणाला. "सहा वर्षांचा घाम आहे तिच्यात. तेवढा फुकट."

"थँक यू, सर."

"सर कुणाला म्हणतोस? माझे गुडघे म्हातारे झालेत, मी नाही."

लेलंडच्या अंगावर मी गेले आणि माझे दिवस पालटले. तो चेंडू सोडायचाच नाही. एक झाले, दोन झाले, तीन, चार, पाच झाले तरी हा आपला शांत उभा राहून लांबवर कोण मोकळा होतोय ते बघत असायचा. धावत आलेले गडी चारही बाजूंनी हातभर अंतरावर थांबायचे. मग लेलंड निवांत फेकायचा, चेंडू दूरवर कुणाच्या तरी हातात अलगद पडायचा आणि कुंपणापलीकडचे लोक टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या दिवशी कोच हॅलोरन आणि ग्रिसमसाहेब त्या फेकीचे चित्रण पुन्हा पुन्हा बघायचे. वर्तमानपत्रात रोज त्याचे आकडे यायचे. मी तर हवेतच होते. माझ्यामुळे सगळे थांबतात असे मला वाटायचे, आणि ते खरेच होते. तेच तर वाईट झाले.

डूलीला ते दिसत होते. तो मागे उभा राहून मोठ्याने मोजायचा आणि तीन झाले की म्हणायचा, "काय राजे, चेंडूवर जीव जडला का? घरी घेऊन जाणार आहेस?"

पोरे हसायची. एक दिवस कोचनी त्याला बाजूला घेतले.

"डूली, पोराचं मन खचवू नकोस."

"कोच, त्याला एक वर्ष बाहेर बसू द्या. बघू द्या. पोरगा सोनं आहे, पण अजून त्याला कुणी आलेलं कळतच नाही."

"वर्षभर बसवायला आणलाय का त्याला? तिकिटं त्याच्या नावावर खपलीत."

डूलीने मोजणे मात्र थांबवले नाही.

आणखी एकाला ते दिसत होते. तो म्हणजे सेमिसी फिफिता. सगळे त्याला सेमी म्हणायचे. तो युटाकडचा, मूळ टोंगा बेटांवरच्या कुटुंबातला गडी होता. त्याला कुठल्याच संघाने निवडले नव्हते. नव्वदांतल्या शेवटच्या पाचांत त्याचे नाव होते आणि शिबिर संपताना त्रेपन्नच उरणार होते. चुलत भावाच्या घरी सोफ्यावर झोपून तो रोज पहाटे सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा. लेलंडवर धावून जाणाऱ्यांत तो सर्वांत चपळ होता. हातभर अंतरावर थांबायचा आणि हळूच म्हणायचा, "गेलास." दिवसातून चार-पाच वेळा तरी. लेलंड हसून सोडून द्यायचा. दोघांची चांगली मैत्री जमली होती. शुक्रवारी दोघे मिळून तळलेले पर्च मासे खायला जायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्याला त्याचा वास असायचा.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, सराव सुरू होण्याआधी, याच खोलीत लेलंडने त्याला विचारले, "सेमी, खरं सांग. तू म्हणतोस तेव्हा खरंच पोहोचलेला असतोस का? की उगाच चिडवतोस?"

"रोज पोहोचतो."

"मला तर काहीच जाणवत नाही."

"कसं जाणवेल? मी थांबतो ना. पोटापाण्याचा प्रश्न आहे बाबा."

लेलंड जरा वेळ बुटाची नाडी ओढत बसला. मग म्हणाला, "आज थांबू नकोस. पाडू नकोस, नुसता हात लाव. मला कळू दे."

"कोच मला घरी पाठवतील."

"मी सांगेन ना त्यांना, मीच सांगितलं होतं म्हणून."

मित्रांनो, हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. मला कान नसतील, पण ज्याच्या छातीवर मी होते त्याच छातीतून ते निघाले होते.

त्या दिवशी चौथ्या खेळीत लेलंड नेहमीसारखा उभा राहिला. सेमी मागून आला, वेग कमी केला आणि माझ्या दहा आकड्यावर उघडा तळवा ठेवला. घरातले मोठे माणूस पाठीवर थोपटते तसा. माझ्या आयुष्यातला तो पहिला परका हात. लेलंड इतका दचकला की चेंडू त्याच्या हातातून गळून पडला. कोच हॅलोरन ताडताड चालत आले.

"फिफिता, लाल रंग दिसत नाही तुला?"

"दिसतो, कोच."

"मग हात कसा लावलास?"

सेमी लेलंडकडे बघत राहिला. लेलंडच्या छातीची धडधड मला स्पष्ट कळत होती. त्याने तोंड उघडले, ओठ ओले केले आणि जमिनीकडे पाहिले. तो घाबरट नव्हता हो. बावीस वर्षांचा होता, सगळे शहर त्याच्याकडे डोळे लावून बसले होते आणि आपल्याला काही येत नाही हे कोचसमोर कबूल करायची त्याला लाज वाटली. एवढेच. पण तेवढ्याने सेमीचे काम गेले. दुपारच्या जेवणाआधी त्याने आपली पिशवी भरली. आयलोनाच्या हातात कपडे देऊन "येतो, मिस आयलोना" म्हणाला आणि गेला. लेलंडबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही. मी तेव्हा धुण्याच्या टोपलीत होते. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते.

दुसऱ्या दिवसापासून लाल जर्सीच्या जवळपासही कुणी फिरकेना. हातभर अंतर होते ते आता दोन हात झाले. लेलंडला आणखी वेळ मिळू लागला आणि आकडे आणखी फुगले. शिबिर संपले आणि त्रेपन्नांची यादी लागली, तेव्हा त्यात डूलीही नव्हता. चेंडू झेलणाऱ्या एका नव्या पोरासाठी ग्रिसमसाहेबांना जागा हवी होती. डूली जाताना लेलंडच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "सामन्यात तुला निळी जर्सी असते, बाळा. निळ्याला कुणी थांबत नाही." लेलंडने मान हलवली. पण मान हलवणे वेगळे आणि अंगात भिनणे वेगळे.

सामन्याच्या दिवशी मला कुणी नेत नाही. पहिले दोन सामने मी खोलीतल्या टीव्हीवर ऐकले. डाव्या बाजूची भिंत ग्रिसमसाहेबांनी आधीच देऊन टाकलेली होती, त्यामुळे दोन्ही वेळा लेलंडला पळता भुई थोडी झाली. नशिबाने तो उठून उभा राहिला. तिसरा सामना बॉइसीच्या संघाशी होता, आमच्याच मैदानावर. शिबिरातून काढलेल्या गड्यांना दुसरे संघ उचलतात, तसे बॉइसीने सेमीला उचलले होते.

दुसऱ्या सत्रात लेलंड उभा राहिला आणि लांबवर बघू लागला. आयलोना टॉवेलांच्या घड्या घालता घालता थांबली. ती पुटपुटत मोजत होती, डूलीची सवय तिलाही लागली होती. तीन म्हणाली आणि तिने डोळे मिटले. सेमी डाव्या बाजूने, लेलंडच्या पाठीमागून आला होता. धडक नियमात होती. पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. लेलंडचे खांद्याजवळचे हासळीचे हाड मोडले, तेही फेकायच्या हाताकडचे. तो उताणा पडला होता आणि चेहऱ्यावर वेदनेपेक्षा आश्चर्यच जास्त दिसत होते, असे आयलोना नंतर कुणाला तरी सांगत होती.

सामना संपल्यावर सेमी या खोलीत आला. पाहुण्या संघाच्या माणसाने इथे येणे बरोबर नव्हे, पण आयलोनाने त्याला खुर्ची दिली.

"लोक म्हणतायत मी सूड घेतला," तो म्हणाला.

"घेतलास का?"

"नाही, मिस आयलोना. मला माहीत होतं तो किती वेळ उभा राहतो. एवढंच माहीत होतं." त्याने आपला तळवा उघडून पाहिला. "शेवटच्या पावलाला मला वाटलं, थांबावं. सवय होती ना. पण तो लाल नव्हता."

मग तो रडला. एवढा मोठा माणूस खुर्चीत मावत नव्हता आणि आयलोना त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

लेलंड दोन महिन्यांनी आला. तो सरळ कोचकडे गेला आणि ऑगस्टमध्ये सांगायचे राहिलेले त्याने तेव्हा सांगितले. कोच म्हणाले, जुनी गोष्ट आहे, आता विसरून जा. याच खोलीतून त्याने सेमीलाही फोन केला. सेमीने त्याला माफ केले असावे, कारण फोनवर दोघे शेवटी मासळीबद्दल बोलत होते. पुढच्या वसंतात हाड जुळले, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि तो पुन्हा मला घालून मैदानात उतरला. मला वाटले, आता तरी शिकला असेल. मित्रांनो, तो शिकला होता, पण भलतेच. आता चेंडू हातात येताच तो फेकून द्यायचा, एक म्हणायच्या आत, कुणी मोकळा असो वा नसो. गडी वीस हात लांब असला तरी माझ्या आत त्याचे अंग आखडायचे. कोच ओरडायचे, "अरे, लाल घातलंय तुला, कोण हात लावतंय?" पण आता त्याचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. त्यात त्याची काही चूक नव्हती. जूनमध्ये ग्रिसमसाहेबांनी त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकले. बदल्यात काय मिळाले, ते मला ठाऊक नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला हवे तसे फाडा, पायपुसणे करा. पण कुणाला जपायचे असेल, तर त्याच्यावर काय धावून येतेय ते त्याला दिसू द्या. लहान असतानाच, थोडे थोडे, आपल्या माणसाच्या उघड्या तळव्याने कळू द्या. आणि असा हात कुणी लावला तर त्याला हाकलू नका.

काल आयलोनाने मला वेगळ्या पाण्यात धुतले. पाठीवरचा आकडा उसवून तिथे नवा बसवला. आयोवाचा एक एकवीस वर्षांचा पोरगा आलाय, म्हणे त्याचा हात लेलंडपेक्षाही दमदार आहे. माझी घडी त्याच्या कपाटात ठेवली आहे. उद्या सकाळी तो मला घालेल, सगळे थांबतील आणि त्याला वाटेल, जग असेच असते. मला बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन त्याला सांगा.