मास्तरांची गल्ली

नकाशावरची लाल टाचणी कोणी काढली हे विचारायला ती आत गेली, तेव्हा साहेब डबा उघडत होते.

"कुठली टाचणी?"

"गोदामामागच्या गल्लीतली. तिथे वाचन-वर्ग ठरला होता."

"ठरला होता. आता तिथे हिरवी टाचणी आहे, नोकरीच्या मुलाखतीच्या तयारीचा वर्ग." साहेबांनी घास घेतला. "वाचायला शिकवायचं कोणाला? भिंतींना? पाहणीत तिथे एकही निरक्षर निघाला नाही."

वस्त्यावस्त्यांत मोठ्या माणसांसाठी वर्ग सुरू करायचे, कुठे शिवण, कुठे वायरिंग, कुठे वाचन, ते ठरवायचं, हे तिचं काम. नकाशावरच्या बाकी टाचण्या तिने नियमावर बोट ठेवून लावल्या होत्या. ही एकच मनाने लावली होती. त्या गल्लीत तिचा मामा राहायचा.

पाहणीला गेलेल्या बाई जिन्यात भेटल्या.

"दारोदार फिरलात ना?"

"फिरायची वेळच आली नाही हो. गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. मास्तर म्हणतात त्यांना. म्हणाले, बाई, उगाच तंगडतोड कशाला करता? आमच्या गल्लीत सगळ्यांना वाचता येतं. एवढा शिकलेला माणूस, म्हटलं, थापा कशाला मारेल?"

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ते मास्तर म्हणजेच मामा.

मामा कधी कोणत्या शाळेत शिकवायला गेला नव्हता. शिकायलाही गेला नव्हता. तो गोदामात खोकी लावायचा. आईच्या मागे त्याने तिला वाढवलं, आणि रोज संध्याकाळी पेपर तिच्यापुढे टाकून म्हणायचा, "वाच मोठ्याने. उच्चार ऐकू देत तुझे." मग सकाळी तोच पेपर हातात धरून तो गल्लीच्या तोंडाशी बसायचा आणि जगाची उलथापालथ येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून द्यायचा. लोक मास्तर म्हणू लागले. उच्चार कशासाठी ऐकायचे असतात हे तिला उमगलं, तेव्हा ती चांगली मोठी झाली होती. तिने ते कोणाजवळ काढलं नाही. मामाजवळ तर नाहीच.

आता गोदामात हातात धरायची यंत्रं येणार होती. कुठलं खोकं कुठे, हे ओरडून सांगणारा मुकादम जाणार आणि तेच यंत्राच्या काचेवर लिहून येणार. वाचता येईल तो राहील. तिने बेत आखला होता: गल्लीतच वर्ग काढायचा, मामाला मदतनीस म्हणून मागच्या बाकावर बसवायचं. मास्तरांचा मान राहील, आणि बसल्या बसल्या अक्षरं डोळ्यांखालून जातील. त्या बेतावर खुद्द मामानेच पाणी ओतलं होतं.

साहेबांच्या नाकदुऱ्या काढून तिने गल्लीत एक सभा मागून घेतली. तिथे काही हात वर झाले तर टाचणी परत. आदल्या दिवशी ती मामाकडे गेली.

"या ठमाबाई! सरकार आज आमच्या दारी?"

"मामा, उद्या सभा आहे. लोक काय ते बोलतील. तू फक्त गप्प बस."

"मी काय बडबड्या आहे?"

"आहेस."

तो हसला. मग पेपराची घडी घालता घालता म्हणाला, "कसली सभा?"

"वाचन-वर्गाची. काही जणांना हवाय."

"आपल्या गल्लीत? कोणाला?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली.

"बरं बाई," तो म्हणाला. "तोंडाला कुलूप."

सभा गोदामाच्या पायऱ्यांवर भरली. साहेबांना पुढच्या सभेला जायचं होतं, त्यामुळे त्यांनी प्रस्तावना गुंडाळली आणि सरळ विचारलं, "ज्यांना वाचता येत नाही त्यांनी हात वर करा."

ती मनात म्हणाली, असं नका हो विचारू. पण विचारून झालं होतं.

कोणी हललं नाही. मग इस्त्रीवालीचा हात खांद्यापर्यंत आला. तिच्या शेजारचा हमाल आपल्या तळव्याकडे बघू लागला. दोघांनीही मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. सगळी गल्लीच पाहू लागली. मास्तर काय करतात?

मामाचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याने भाचीकडे पाहिलं, मग त्या वळलेल्या चेहऱ्यांकडे. क्षणभर तिला वाटलं, याचा हात उठतोय. उठलाही, पण टोपी सारखी करायला.

"हात वर करायला लावता साहेब," तो म्हणाला, "पकडून नेताय की काय?"

एकच हशा पिकला. हसता हसता इस्त्रीवालीने हात पदरात घेतला. साहेबही हसले. टाचणी हिरवीच राहिली.

यंत्रं आली त्या आठवड्यात मामाने नोकरी सोडली. काढायच्या आधी सोडली. गल्लीत त्याचं केवढं कौतुक! मास्तरांनी मुकादमाला तोंडावर सांगितलं म्हणे, तुमची खेळणी तुम्हालाच लखलाभ. इस्त्रीवाली तिला वाटेत गाठून म्हणाली, "बाणा असावा तर असा."

मामा दारातच बसला होता, मांडीवर पेपर.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता वाचायला वेळच वेळ."

"मुलाखतीच्या वर्गाला नाव घालू तुझं?" बोलून गेली आणि तिने जीभ चावली. त्या वर्गात पहिल्याच दिवशी जाडजूड पुस्तक हातात देत.

"मला कोण शिकवणार?" मामा म्हणाला. मग तिला आत घेऊन त्याने दार लोटलं आणि पेपर तिच्यापुढे टाकला. "वाच. किती दिवसांत उच्चार ऐकले नाहीत तुझे. कामाच्या जाहिरातींचं पान घे."

ती वाचू लागली. चालक पाहिजे. आचारी पाहिजे. रात्रीचा पहारेकरी पाहिजे, वयाची अट नाही, राहण्याची सोय. मामा पुढे सरकला. त्याखाली आणखी एक ओळ होती: लिहिता-वाचता येणं आवश्यक.

ती थांबली.

"पुढे?"

"पुढचं दिसत नाही, मामा. शाई पुसट आहे."

मामाने सावकाश मान हलवली. मग पाठ ताठ करून, सकाळी गल्लीच्या तोंडाशी लावायचा तोच आवाज लावून तो म्हणाला, "हल्ली छपाईच भिकार झालीय. मी सांगतच असतो सगळ्यांना."