वही क्रमांक अकरा

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी नीतिशास्त्रातला विषय घेतला होता: घरगुती खोटं. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण जे बिनदिक्कत ठोकून देतो, ते योग्य की अयोग्य? माझं मत आधीच ठरलेलं होतं. अयोग्य! फक्त पुरावा गोळा करायचा बाकी होता.

घरच्या-ओळखीच्या वीस जणांना मी वीस कोऱ्या वह्या वाटल्या. सात दिवस जे जे खोटं बोलाल ते लिहायचं. नाव नाही, नुसता आकडा, आणि कुठला आकडा कुणाकडे गेला ते मलाही माहीत नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून विभागातल्या टायपिस्टबाईंनी सगळ्या वह्या टाइप करून मगच माझ्या हातात दिल्या.

एकोणीस वह्यांत खोट्याचा नुसता सुकाळ होता. एकानं तर बायकोच्या नव्या पडद्यांचं तीनदा कौतुक केलं होतं, आणि पडदे नेमके कुठल्या खोलीत आहेत हे त्याला माहीत नव्हतं. पण अकरा नंबरच्या वहीत सातही दिवस एकच ओळ: ‘आज खोटं बोलण्याचा प्रसंग आला नाही.’

मी त्या माणसावर अक्षरशः लट्टू झाले. त्याच्यावर बावीस पानांचं तिसरं प्रकरण लिहिलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम एरवी ‘ठीक’च्या पुढे जात नाहीत, त्यांनी समासात चक्क ‘वा!’ लिहिलं. प्रबंध द्यायला दहा दिवस उरले होते.

‘वा!’ दाखवायला मी बाबांच्या शिंप्याच्या दुकानात गेले. ते कोटाला काजं करत होते आणि आई त्यांचा डबा उघडत होती.

“बाबा, आपल्या गावात असा माणूस आहे! सात दिवसांत एकही खोटं नाही!”

बाबांची सुई थांबली. “अकरा नंबर का गं?”

“तुम्हाला काय माहीत?”

“माझीच वही ती.”

“तुमची? अहो, ‘उद्या नक्की मिळेल’ असं आज सकाळपासून चार जणांना सांगितलं असेल तुम्ही!”

“पाच,” बाबा म्हणाले.

“मग असं का लिहिलंत?”

“मला वाटलं, जितकं खोटं जास्त तितके तुझे मार्क कापणार. बापापायी पोरीचं नुकसान कशाला?”

हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चिडले. आईनं शांतपणे पोळी वाढली. “वहीवर नाव नाही ना? मग कुणाला कळतंय?”

खरं सांगते, मला ते पटलं. चांगली दोन मिनिटं पटलं. मग हातातल्या कागदांवर माझ्याच विषयाचं नाव दिसलं आणि मी तशीच उठून मॅडमकडे गेले.

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. चष्मा पुसून म्हणाल्या, “प्रकरण गेलं. पण वडील तयार असतील तर त्यांच्याकडून पुन्हा लिहून घे. खरं.”

दुकानात परत येऊन मी हे सांगितलं. “बावीसच्या बावीस पानं उसवायची?” बाबांचा चेहरा पडला.

“सगळी.”

त्यांनी नवी वही घेतली आणि मापाच्या वहीशेजारी ठेवली.

आठव्या दिवशी त्यांनी ती थेट माझ्या हातात दिली. “टायपिस्टबाईंना कशाला त्रास? आता लपवायचं काय?”

मी दुकानातच वाचायला बसले. सोमवार: ‘सहा जणांना उद्या नक्की म्हटलं.’ मंगळवार: ‘गिऱ्हाइकाला म्हटलं, तुम्ही जाड झाला नाहीत, कापड आटलंय.’ गुरुवार: ‘मुलीनं विचारलं, प्रबंध वाचलात का. हो म्हटलं. पाचव्या पानावर झोप लागली होती.’ मी खो खो हसत पान उलटलं.

शनिवार: ‘मुलगी म्हणाली, पुढच्या शिक्षणाला परगावी गेले तर चालेल ना. म्हटलं, खुशाल जा, आम्हाला काही वाटणार नाही.’

रविवार: ‘तिच्या आईलाही तेच सांगितलं.’

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. बाबा मान खाली घालून मशीनमध्ये दोरा ओवत होते, आणि तो काही ओवला जात नव्हता. मी तो ओवून दिला.

“बाबा, शनिवारचंसुद्धा प्रबंधात घालू?”

“घाल,” ते म्हणाले. “मार्क कापले तर कापू देत.”